आभाळ का तळं

मला रंग कळत न्हाय असं कुणी म्हणू नये. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत मी बावीस वर्सं चाळणीवर काढल्यात. मूठभर माल हातात घेतला की ह्यो नीट वाळलाय, ह्यो पावसात घावलाय, ह्यात गेल्या सालचा मिसळलाय, हे मी नुसत्या रंगावरनं सांगायची. मुकादम शेठकडं जायच्या आधी मला इचारायचा, जयाबाई काय म्हणती बघू. आन त्याच मला, माझ्याच घरात, माझ्याच भिंतीवरच्या दोन निळ्या पट्ट्यांनी चार दिस येड लावलं.

झालं असं. आमची अक्षरा बेळगावात बँकेत हाय. तिच्याच बँकेत स्वरूप म्हणून पोरगा हाय, खानापूरकडचा, घरची भातशेती. दोघांचं दोन वर्सं झाली जमलंय. पोरगा मी बेळगावच्या स्टँडवर एकदा बघितला, चहाच्या गाड्याजवळ. बोलाय बरा, मोठ्या माणसापुढं आवाज चढवत न्हाय. त्याचे आईबाप, ज्योतिबा आन अंबुबाई, त्या रविवारी आमचं घर बघाय येणार होते.

आता ह्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. एवढं असं, की आम्ही बौद्ध, आन ही गोष्ट स्वरूपनं आपल्या घरात सांगितलीच न्हवती. आमचं आडनाव सदलगेकर. माझ्या सासऱ्यांनी सदलग्यासनं येऊन निपाणीत बिऱ्हाड केलं, शाळेच्या मास्तरांनी गावावरनं आडनाव लिवलं, त्यावरनं कुणाला काय कळायची सोय न्हाय. त्यांच्या घरात एवढंच ठावं, की पोरगी निपाणीची, बाप बशीत कंडक्टर होता, माणसं बरी हाईत. मी अक्षराला कितींदा इचारलं, सांगितलं का गं त्यानं? सांगणार हाय म्हणायची. कवा? तर बरा दिवस बघून. बरा दिवस काय पंचांगात शोधतोय का काय हे मला कळंना.

आता रंगाचं. आमच्या गल्लीत दिवाळीला कुणी घर रंगवत न्हाय, जयंतीच्या आधी रंगवतात. मार्च सरत आला की घराघरातली भांडी अंगणात येतात आन एप्रिलच्या चौदा तारखेपातूर गल्ली निळी हुती. माझं लगीन झालं तवा चुन्यात नीळ कालवून मीच कुंचा मारायची, आता दुकानातनं डबे येतात. यंदा अक्षरा म्हणाली, रविवारच्या आधीच भाईरली खोली रंगवून घेऊ, आन रंग जरा फिका घेऊ. फिका म्हणाली. मी बरं म्हटलं, पर शब्द कानातनं जाईना.

मग तिनं एका वळखीच्या माणसाबरुबर रंगाची दोन कार्डं पाठवून दिली. दोन्ही फिकी निळी. दोघांस्नी इंग्रजी नावं, एकाचं सॉफ्ट स्काय आन एकाचं मिस्टी लेक. आमच्या ह्यांनी त्याचं मराठी करून सांगितलं, एक आभाळ आन एक तळं. तवाधरनं आमच्या घरात तीच नावं पडली. कार्डं मी खिडकीत धरली, दारात धरली, परड्यात जाऊन उन्हात धरली. आभाळ तळ्यासारखं दिसत होतं आन तळं आभाळासारखं.

आमचा पेंटर भरमू, पलीकडच्या गल्लीतला. त्यानं सांगितलं, मशीनवर कालवलेला डबा दुकानदार परत घेत न्हाय, तवा आधी पट्टे मारून बघायचे. भिंतीवरचे फोटो, भगवान बुद्धांचा आन बाबासाहेबांचा, मी उतरवून आतल्या खोलीत चादरीत गुंडाळून ठेवले. त्या मोकळ्या जागेत भरमूनं हातभर लांबीचे दोन पट्टे शेजारी शेजारी मारले, वाळल्यावर परत एक हात मारला, आन खाली पेन्सिलीनं नंबर घातले. सकाळी बघा, दुपारी बघा, लाईट लावून बघा, मग सांगा म्हणाला. मी त्याला सरळ इचारलं, बाबा, ह्या दोघात फरक काय? त्यो म्हणाला, आक्का, दोन्ही एकच, फकस्त तळ्यात काळ्याचा थेंब जास्त पडतोय.

काळ्याचा थेंब. झालं, हितनं माझं डोकं फिरलं.

म्हंजे आपला निळा घ्यायचा आन त्यात काळा घालून त्याचा निळेपणा मारायचा. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, कुठल्या तरी डॉक्टरच्या दवाखान्यातली भिंत हाय. अक्षराला तळं पाहिजे असणार, तोंडानं म्हणाय लाज वाटत असणार. बरं, तसं असंल तर मग आभाळ कशाला पाठवलं? आन आभाळ पाहिजे असंल तर तळं कशाला? एक पाठवती तर मी भांडले तरी असते. दोन पाठवली आन मला भांडायबी येईना.

बेस्तरवारी मी तिला फोन लावला. कुठलाबी चालंल म्हणाली, तूच ठरव. मी म्हटलं, फोटो कवा लावायचे? तर म्हणाली, रंग होऊ दे, मग बघू. मग लावू म्हणाली न्हाय. मग बघू. मी फोन ठेवला आन भिंतीपुढं पाटावर बसून ऱ्हायले.

खरं सांगते, मला भ्या वाटत होतं. माझं तोंड गल्लीत सगळ्यांस्नी ठावं हाय, मी कुणाला भीत न्हाय. पर पोटच्या पोरीला ह्ये इचारायचं भ्या वाटत होतं. समजा मी इचारलं, तुला आमची लाज वाटती का, आन ती व्हय म्हणाली तर? मग मी काय करू? तिचं लगीन मोडू, का फोटो कपाटात ठिऊन त्या लोकांस्नी हसून चहा देऊ? म्हणून मी फोटोचं इचारायच्या जागी रंगाचं इचारत सुटले.

आमच्या ह्यांस्नी, सिद्रामला, काय इचारून उपेग न्हाय. तीस वर्सं बशीत कानडीतनं ‘मुंद होग्री, मुंद होग्री’ करत लोकांस्नी फुडं सरकवलं, घरातबी तेच. दोन्ही एकच हाईत, कुठलाबी मार आन फुडं सरक, म्हणाले. मी म्हटलं, एकच कसं, तळ्यात काळा हाय. तसं चष्मा काढून माझ्याकडं बघितलं आन म्हणाले, रविवारी आपला पोरगा येतोय पुण्यासनं. भिंतीला तळं मारशील, पर बुद्धप्रियला काय म्हणशील? एक दिवसापुरतं पिंट्या म्हणूया?

मला असा राग आला, त्यांना दुपारचा चहाच दिला न्हाय. सैपाकघरात जाऊन मात्र हसू आलं, पिंट्या म्हणे. आन हसता हसता डोळ्याला पाणी आलं. पोराचं नाव आम्ही किती हौसेनं ठेवलं होतं, पाळण्यापुढं वीस माणसं होती.

मग मी शेजारच्या गंगव्वाला बोलवून आणलं. ती माझ्याबरुबर वखारीत होती, तिची नजर माझ्यापेक्षा बारीक. सकाळी येऊन तिनं लगेच बोट दाखवलं, ह्यो डाव्या अंगाचा आपला, आन उजव्या अंगाचा त्येंचा. मला हायसं वाटलं. संध्याकाळी परत आली आन उजव्याकडं बोट करून म्हणाली, ह्यो आपला. मी म्हटलं, गंगव्वा, सकाळी डावा म्हणालतीस. तर म्हणती, सकाळी ऊन तिकडनं येत होतं गं. आन जाता जाता म्हणाली, कुठला का मारंनास, गल्लीच्या तोंडाला एवढा मोठा निळा झेंडा हाय, त्यो काय झाकणार हाईस व्हय?

हे माझ्या ध्यानातच आलं न्हवतं बघा. मी आपली भिंतीत अडकलेली. ज्याला डोळे हाईत त्याला गल्लीत पाय ठेवल्या ठेवल्या कळणार. आन हे अक्षराला ठावं असणारच, ती ह्याच गल्लीत खेळलीया. मग तळं पाठवलं त्याचा अर्थ काय लावायचा? जेवढा इचार करावा तेवढा गुंता वाढाय लागला.

त्यात शुक्रवारी माझ्या हातनं एक गाढवपणा झाला. सवयीनं मी ओल्या फडक्यानं भिंतीचा खालचा भाग पुसत गेले आन पट्ट्यांखालचे पेन्सिलीचे नंबर पुसून बसले. आता आभाळ कुठलं आन तळं कुठलं ह्याला पुरावाच ऱ्हायला न्हाय. मी कुणाला बोलले न्हाय.

शनिवारी बँकेला सुट्टी होती. अक्षरा पैल्या बशीनं आली, नऊ वाजता घरात. तिच्या मागोमाग भरमू आला. त्यो दारातच म्हणाला, आता धाच्या आत रंग सांगितला न्हाय तर उद्यापातूर वाळणार न्हाय, पाव्हण्यांच्या कापडाला लागंल, मग मला शिव्या घालू नका. अक्षरा पिशवी खाली न ठेवताच भिंतीपुढं जाऊन हुबी ऱ्हायली. बराच वेळ बघितलं. मग उजव्या पट्ट्याला बोट लावून म्हणाली, हे तळं ना? भरमू म्हणाला, न्हाय ताई, हे आभाळ. मग जवळ गेला, खाली वाकला, नंबर दिसंना. थांबा, म्हणाला, का तळंच हे? आमचे हे बी पेपर टाकून आले. चौघं त्या दोन पट्ट्यांपुढं हुबी, आन एकालाबी सांगता येईना.

अक्षरा हसाय लागली. मीबी हसले. मग बघते तर ती हसत न्हवती. तोंडावर हात धरून रडत होती.

मी भरमूला म्हटलं, जरा भाईर बिडी वढून ये. त्यो गेला. मग मी इचारलं, चार दिस गळ्यात अडकलेलं.

"अक्षरा, खरं सांग. फोटो परत लावायचे का न्हाय?"

तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय, भिंतीकडंच बघून बोलली.

"आई, मी दुकानात दोन तास ती कार्डं चाळत बसले होते. मला असा निळा पाहिजे होता, जो आपल्याला दिसंल आणि त्यांना दिसणार न्हाय. दोन कार्डांवर येऊन अडकले. मग तुझ्याकडं पाठवली. म्हटलं, चुकलं तर आईनं ठरवलं असं म्हणता येईल."

पैल्यांदा मला असं वाटलं, हिच्या एक थोबाडीत द्यावी. एवढी शिकलेली, बँकेत चार माणसांवर हुकूम चालवणारी, आन दोष माझ्यावर ढकलाय बसली. मग तिच्या पायाकडं ध्यान गेलं. अजून चपलाबी काढल्या न्हवत्या. सकाळच्या पैल्या बशीनं यायला ती किती वाजता उठली असंल, रातभर झोपली तरी असंल का, असं मनात आलं आन राग कुठल्या कुठं गेला. चार दिस मी हितं जे करत होते तेच ती तिकडं करत होती, आन आम्ही दोघीबी एकमेकीला सांगत न्हवतो.

"असा रंग नसतोय, बाळ," मी म्हटलं. "असता तर तुझ्या आज्ज्यानं कवाच शोधून काढला असता."

 आमच्या ह्यांनी जाऊन तिच्या हातातली पिशवी घेतली.

"आणि त्यांना कळल्यावर ते आलेच न्हाईत तर?" अक्षरा म्हणाली.

"मग सैपाक कमी करीन."

ती फोन घेऊन परड्यात गेली. दार लोटून घेतलं तरी शेवटचं एक वाक्य मला ऐकू आलं. आज सांग, उद्या हितं येऊन त्यांना भिंतीकडं बघून कळायला नको. एवढं बोलून आत आली, तोंड धुतलं आन भरमूला हाक मारून म्हणाली, आभाळ आण. भरमूनं कार्डावरचा नंबर लिवून घेतला आन सायकलीवर टांग टाकली.

दोन तासानं डबा आला, दुपारपातूर भिंत झाली. अख्ख्या भिंतीवर बसल्यावर तर त्यो निळा हाय का पांढरा हेच कळंना. आमचे हे म्हणाले, दुकानदारानं तळंच दिलंय. भरमू म्हणाला, डब्यावर नंबर बघा. डब्यावरचा नंबर रंगाच्या वघळात बुडाला होता. त्यावर दोघं संध्याकाळपातूर वाद घालत बसले. दिवे लागायच्या वक्ताला अक्षरानं स्टूल धरलं आन ह्यांनी फोटो परत लावले. आम्ही तिघांनी हात जोडले. त्या रात्री स्वरूपचा फोन आला न्हाय.

रविवारी मी हट्टानं तीन पाव्हणे धरूनच सैपाक केला. पुरणाच्या पोळ्या, कटाची आमटी, भात, कुरड्या. बुद्धप्रिय सकाळच्या गाडीनं पुण्यासनं आला, त्याला सगळं सांगितलं, त्यो नुसता व्हय व्हय म्हणत ऱ्हायला. अक्षरानं साडी नेसली, मग बदलून ड्रेस घातला, मग परत साडी नेसली. दर मोटारीच्या आवाजाला आम्ही सगळी दाराकडं बघायचो, आन एकमेकाला बघितलं न्हाय असं दाखवायचो.

साडेअकराला मोटारसायकल थांबली. स्वरूप एकटा. खानापूरकडनं गाडीवर आलेला, केसात धूळ, हातात हेल्मेट. दारात हुबा ऱ्हाऊनच त्यानं अक्षराला सांगितलं, काल सांगितलं घरात. मग? आप्पा ताटावरनं उठून शेतावर गेले, सकाळपातूर बोलले न्हाईत. आई काय म्हणाली? आई काय बोललीच न्हाय.

आता ह्याचा काय अर्थ लावायचा, तुम्हीच सांगा. तीन यायचे होते, एक आला. होकार म्हणू का नकार? आनंद करू का ऊर बडवून घेऊ? अक्षरा बी गोंधळून दारातच हुबी. शेवटी आमचे हे कंडक्टर, त्यांनीच वाट काढली, या, आत या, जागा लई हाय, म्हणाले. बुद्धप्रियनं फुडं हुऊन हात दिला आन पुरं नाव सांगितलं. पोरगा फोटोंच्या खालच्या खुर्चीवर बसला, बसायच्या आधी त्यानं वर बघून नमस्कार केला. मला दिसावा म्हणून केला का मनातनं केला, तेबी मला कळलं न्हाय.

मग पंगत मांडली. त्यानं दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी नको म्हणाला ती मी वाढलीच, तीबी खाल्ली. मी त्याच्या हाताकडं बघत होते, खोटं कशाला बोलू. वखारीत माझ्या तांब्याला हात न लावणाऱ्या बायका मी बघितल्यात. गोड बोलून, चहाचा कप न शिवता उठून गेलेली माणसं बघितल्यात. त्या सगळ्यांचा राग माझ्या पोटात हाय, आन त्यो ह्या पोरावर काढणं बरुबर न्हवतं. पर तोंडातनं गेलंच.

"स्वरूप, हितं जेवलास हे घरात सांगशील?"

अक्षरा ‘आई!’ म्हणून माझ्यावर डोळे वटारून बघाय लागली. सगळ्यांचे हात ताटात थांबले. पोरगा खाली मान घालून बसला. मला वाटलं, गेलं, माझ्या तोंडानं मीच घालवलं. मग त्यो उठला, मोरीत जाऊन हात धुतले, पुसले, खिशातनं फोन काढला. आमच्या मधी बसून त्यानं आईला फोन लावला आन आवाज मोठा केला, सगळ्यांस्नी ऐकू यावा म्हणून.

"आई, मी जेवलो हितं," त्यो म्हणाला.

 तिकडनं कोंबड्या वरडत होत्या, तेवढंच. एवढा वेळ गेला की फोन कट झाला असं बुद्धप्रियनं हातानं खुणावलं. मग अंबुबाई बोलली.

"काय केलंतं जेवाय?"

ह्यो टोमणा होता, का काळजी, का कुठलीबी आई इचारती तसं नुसतं इचारणं, कुणालाच कळंना. स्वरूपलाबी कळंना, त्याचीच आई, आन त्यो माझ्याकडं बघाय लागला. मी हात फुडं केला आन फोन घेतला.

"पोळ्या केल्यात, अंबुबाई," मी म्हटलं. "कटाची आमटी हाय, भात हाय. मी अक्षराची आई बोलती. तुमच्या दोघांचंबी केलंतं, ते तसंच ऱ्हायलंय."

 मी फोन धरून बसले. ह्यावेळी मला घाई न्हवती.

"एकाचंच द्या डब्यात," अंबुबाई म्हणाली, आन फोन ठेवला.

स्वरूपनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. अक्षरा उठून सैपाकघरात आली आन फळीवरचा मोठा डबा काढाय लागली. मी तिच्या हातनं त्यो घेऊन परत वर ठेवला आन धाकटा काढला. ती म्हणाली, आई, दोघांचं देऊया की, जाऊ दे. मी म्हटलं, न्हाय, तिनं मागितलंय तेवढंच.

अंबुबाईच्या पोळ्यांवर मी चांगलं चमचाभर तूप सोडलं आन डब्याचं झाकण घट्ट लावलं. ज्योतिबांचं ताट झाकून ठेवलं. त्यास्नी जेवायचं असंल तर हितं येऊन जेवाय लागंल.